एका डब्यातली शक्ती

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. मध्यंतरी डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि खरं सांगायचं तर थोडा आळसही होता. आजचा विषय वाचून काहीजण हसतील. विषय आहे पुरुषांच्या शक्तीची, उत्साहाची आणि दीर्घायुष्याची औषधं. औषधं तरी कसं म्हणावं? डब्यावर ‘पूरक आहार’ असं लिहिलेलं असतं. सकाळी एक चमचा पाण्यात ढवळून प्यायचा. त्यात म्हणे सगळी जीवनसत्त्वं, खनिजं, अश्वगंधा, शिलाजीत, जिनसेंग आणि आणखी पन्नास-साठ गोष्टी असतात. आमच्या नालवाडीतल्या औषधाच्या दुकानातही आता याचा वेगळा कप्पा झाला आहे. पूर्वी तिथे ग्राइपवॉटर आणि बाम असायचा.

मी इतिहास शिकवत असे. त्यामुळे नवीन म्हणून कोणी काही पुढे केलं की हे आधी कुठे झालं होतं, असा प्रश्न मनात येतोच. ही सवय घरच्यांना फार त्रासदायक वाटते. असो.

एकाच गोष्टीत सगळी शक्ती ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. च्यवनप्राश सगळ्यांना माहीत आहे. म्हाताऱ्या च्यवन ऋषीला अश्विनीकुमारांनी पुन्हा तरुण केलं, ही त्यामागची कथा. गंमत अशी की महाभारताच्या वनपर्वात ही कथा येते तेव्हा तिथे अवलेह-बिवलेह काही नाही. च्यवन आणि दोघे अश्विनीकुमार एका सरोवरात बुडी मारतात आणि तिघे सारखेच तरुण होऊन बाहेर येतात. मग सुकन्येला आपला नवरा ओळखावा लागतो. आवळ्याचा अवलेह आणि च्यवनाचं नाव यांची जोडी दिसते ती चरकसंहितेत, चिकित्सास्थानाच्या पहिल्याच अध्यायात. हा अध्याय रसायनाचा, म्हणजे आयुष्य आणि बळ टिकवण्याचा. दुसरा अध्याय वाजीकरणाचा. चरकानं दोन्ही वेगळे ठेवले आहेत. आजचे डबेवाले दोन्ही एकत्र ढवळून विकतात.

त्या रसायनाच्या अध्यायाच्या शेवटच्या भागात आचाररसायन म्हणून एक प्रकरण आहे. त्यात औषध जवळजवळ नाहीच. खरं बोलावं, रागावू नये, दारू पिऊ नये, शरीराला अति शिणवू नये, झोप आणि जागरण यांचा समतोल ठेवावा, रोज दूध-तूप घ्यावं, वडीलधाऱ्यांचा मान ठेवावा. असं वागणाऱ्याला रसायन न घेताही रसायनाचं फळ मिळतं, असा त्याचा आशय आहे. जाहिरातीत चरकाचं नाव पुष्कळ वेळा येतं, हे प्रकरण मात्र मी एकाही जाहिरातीत पाहिलेलं नाही. त्यातून विकण्यासारखं काही निघत नाही ना!

छापखाने आले, वर्तमानपत्रं आली, टपालानं व्ही.पी. पार्सल येऊ लागलं, आणि शक्तीच्या औषधांचा मोठा बाजार उभा राहिला. १८७२ साली पनवेलला धूतपापेश्वरचा कारखाना सुरू झाला, १८९९ साली सांडू बंधूंचा. हे लोक वैद्यकी परंपरेतले होते आणि त्यांची आसवं-अरिष्टं घरोघर गेली. पण त्याच काळात दुसऱ्या प्रकारच्या जाहिरातीही पानं भरून येऊ लागल्या. जामनगरच्या वैद्याच्या ‘आतंकनिग्रह’ गोळ्या प्रसिद्ध होत्या. मुंबईत काळबादेवीला त्यांचं दुकान होतं आणि गोळ्यांच्या प्रचारासाठी ते पुस्तिका फुकट वाटत. १९३० नंतर बर्लिनचं ‘ओकासा’ आलं. हॉर्मोन्सचं नाव घेऊन ते मुंबईच्या वर्तमानपत्रांत जोरात खपवलं जाई. आधीच्या जाहिराती धातुक्षयाची भीती घालत, नंतरच्या ‘आधुनिक शास्त्र’ म्हणून भुरळ घालत. गिऱ्हाईक मात्र एकच होतं. दमलेला, काळजीत असलेला, कारकुनी करणारा, चाळिशीच्या आसपासचा मध्यमवर्गीय पुरुष. याच्या मनातली भीती नेमकी ओळखायची आणि तिला बाटलीत भरून त्यालाच विकायची, हे तंत्र तेव्हाच पक्कं झालं होतं.

अशा जाहिराती इतक्या वाढल्या की स्वातंत्र्यानंतर १९५४ साली जादूटोण्याच्या आणि आक्षेपार्ह औषधी जाहिरातींविरुद्ध केंद्राला कायदा करावा लागला. तो आजही आहे. तरी एस.टी. स्टँडच्या भिंती कशानं रंगलेल्या असतात ते आपण पाहतोच. १९९० च्या सुमारास टीव्हीवर ‘थर्टी प्लस’ कॅप्सूलची जाहिरात येई, जितेंद्र त्यात असे. ती आपल्या औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) सुरू झालेल्या अजंता फार्माची. तिशी ओलांडली की काहीतरी घ्यायलाच हवं, ही समजूत घट्ट करण्यात त्या नावाचाच मोठा वाटा असावा. मी तेव्हा चाळिशीत होतो. शिक्षकांच्या खोलीत या नावावरून एकमेकांची फार थट्टा चाले.

आता आमच्या गावाकडे येतो. लिहायला बसलो तो खरा यासाठीच.

वर्ध्यात १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. मगनवाडीत त्याचं काम चाले, कुमारप्पा चिटणीस होते. गांधीजीही १९३६ मध्ये शेगावला (पुढचं सेवाग्राम) जाईपर्यंत मगनवाडीत राहिले. या दोन वर्षांत तिथलं स्वयंपाकघर ही एक प्रयोगशाळाच होती. सोयाबीन, हातसडीचे तांदूळ, घाणीचं तेल, गूळ, चिंच, लसूण, न शिजवलेला पाला. सोयाबीनवर, पालेभाज्यांवर ‘हरिजन’मध्ये लेख येत. हे नुसतं खूळ नव्हतं. जावामध्ये आइकमन यांनी पॉलिशच्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा रोग होतो हे पाहिलं होतं. १९१२ साली फुंक यांनी ‘व्हिटामिन’ हा शब्द तयार केला होता. कुन्नूरला मॅककॅरिसन यांनी उंदरांवर आपल्या निरनिराळ्या प्रांतांतल्या जेवणाचे प्रयोग केले होते. शिखांच्या जेवणावरचे उंदीर सगळ्यात धट्टेकट्टे निघाले, मग पठाणांच्या, तिसरा नंबर मराठ्यांच्या जेवणाचा. (हे मी वर्गात सांगितलं की मुलं शेवटच्या नंबरावर कोण होतं ते आधी विचारत. मद्रासी जेवण, फार तांदूळ आणि थोडं दूध.) मॅककॅरिसन आणि त्यांच्यानंतर कुन्नूरला आलेले आयक्रॉइड यांचे निष्कर्ष गांधीजी आपल्या लेखांत वापरत. कुन्नूरची ती संस्था १९५८ साली हैदराबादला गेली. आज तिला राष्ट्रीय पोषण संस्था म्हणतात.

म्हणजे कमीत कमी पैशात पुरं पोषण कसं मिळेल हा प्रश्न मगनवाडीतही होता. फरक एवढाच की उत्तर खेड्यातल्या गरिबाच्या आवाक्यातलं हवं होतं, विकण्याजोगं नव्हे. प्रयोग फसतही. १९२९ साली गांधीजींनी कच्च्या अन्नाचा प्रयोग केला, त्यात प्रकृती बिघडली आणि तो सोडावा लागला. त्यांनी ते छापून सांगितलं. औषध विकणारा माणूस असं छापील कधी सांगेल का?

नालवाडी मगनवाडीपासून लांब नाही. १९३२ च्या शेवटी, म्हणजे धुळ्याच्या तुरुंगातल्या गीताप्रवचनांच्या वर्षीच, विनोबा इथे राहायला आले. तेव्हा हे वर्ध्यापासून दोन मैलांवरचं खेडं होतं. आज रस्त्यानं जाताना वर्धा कुठे संपलं आणि नालवाडी कुठे लागलं हे परक्याला कळत नाही. इथे पुढे चर्मालय निघालं, गोपाळराव वाळुंजकरांनी ते चालवलं. मेलेल्या जनावरांचं कातडं कमावण्याचं काम सवर्ण तरुणांनी शिकायचं, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. त्यावर वेगळं लिहीन कधीतरी.

विनोबांचा नालवाडीतला मुख्य प्रयोग सूतकताईवर जगण्याचा होता. सूत कातणाऱ्या बाईला जी मजुरी मिळते तेवढ्यातच आपण जगून पाहायचं. रोज आठ-नऊ तास कताई. आलेल्या पैशात बसेल तेवढंच खायचं. थोडं दूध, भाजी, गहू, तेल, जमलं तर गूळ किंवा मध. त्या मजुरीत माणसाचं पोट भरत नाही हे त्यांनी स्वतःच्या शरीरावर दाखवलं. १९३५ साली चरखा संघानं कातणाऱ्यांना जगण्यापुरती मजुरी द्यायची हे तत्त्व मान्य केलं, त्यावेळी ही चर्चा जोरात होती.

शरीरानं त्याचा हिशेब मागितला. १९३८ साल उजाडेपर्यंत विनोबांचं वजन ८८ पौंडांवर आलं होतं. म्हणजे ४० किलो. वय ४२. आता हा काही दिवसांचा सोबती, असं जवळच्या लोकांना वाटू लागलं. गांधीजींनी बोलावून घेतलं. माझ्याजवळ राहा, मी शुश्रूषा करतो म्हणाले. विनोबांना ते पटलं नाही. तुम्हाला पन्नास कामं, त्यांत रोग्यांची सेवा हे एक आणि त्या रोग्यांत मी एक, अशा अर्थाचं काहीतरी ते बोलले. जमनालालजींनी थंड हवेच्या ठिकाणाचा आग्रह धरला. शेवटी ठरलं पवनार, धाम नदीकाठचा जमनालालजींचा बंगला. वर्ध्याहून आठेक किलोमीटर. मोटार पुलावरून जाताना ‘संन्यस्तं मया’ असं तीनदा म्हणून त्यांनी सगळ्या संस्थांच्या काळज्या पुलापलीकडे ठेवल्या.

आणि मग टॉनिक काय घेतलं? खणायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी पाच मिनिटं. मग रोज थोडं थोडं वाढवत काही तास. मध्येमध्ये थांबायचं, विश्रांती घ्यायची, पुन्हा कुदळ. डोक्यात संस्थेचा कसलाही विचार नाही. काही महिन्यांत वजन ८८ चं १२८ पौंड झालं. चाळीस पौंड वाढले! त्याच खणण्यात भरत-राम भेटीचं जुनं शिल्प सापडलं. ते आजही पवनारच्या आश्रमात आहे.

हे वाचून कोणी उद्या कुदळ घेऊन अंगणात उतरू नये, विशेषतः माझ्या वयाच्या मंडळींनी. विनोबा तेव्हा ४२ वर्षांचे होते, भुकेचा प्रयोग थांबला होता, पोटभर अन्न मिळू लागलं होतं आणि काळज्या उतरल्या होत्या. यातल्या कशामुळे किती पौंड वाढले हे कोणी सांगू शकणार नाही. पण एवढं नक्की की त्यात बाटली नव्हती.

योगायोग बघा. त्याच १९३८ च्या सुरुवातीला अलाहाबादला पंडित मदनमोहन मालवीयांनी कायाकल्प करून घेतला. वय ७६. चरकानं सांगितलेली कुटीप्रावेशिक पद्धत, म्हणजे अंधाऱ्या कुटीत चाळीसेक दिवस बंद राहून रसायन घ्यायचं. तपसीबाबा नावाचे साधू उपचार करत होते. देशभर वर्तमानपत्रांत बातम्या आल्या की पंडितजी तरुण दिसू लागले, केस काळे होऊ लागले. तो परिणाम फार टिकला नाही. १९४६ साली पंडितजी गेले. मालवीयांविषयी मला अतिशय आदर आहे, एवढं विद्यापीठ उभं करणाऱ्या माणसाला काम पुरं करायला आणखी दहा वर्षं हवीशी वाटली तर त्यात नवल काय? गांधीजींनाही १२५ वर्षं जगायचं होतं. १९४२ पासून ते तसं बोलत. १९४७ च्या दंगली पाहिल्यावर मात्र आता ती इच्छा उरली नाही म्हणाले.

विनोबा १९५१ मध्ये भूदानाला निघाले, तेरा-चौदा वर्षं हजारो मैल पायी चालले. पोटात अल्सर होता, आहार दही-मधासारखा अगदी मोजका. १९७० नंतर ते पवनारलाच राहिले. मी तेव्हा विशीत. सायकलनं दोन-तीनदा गेलो होतो. कानावर येणारी हिरवी टोपी घालून उन्हात बसलेले असत, कोणी प्रश्न विचारला तर कधी उत्तर देत, कधी नुसते हसत. १९८२ च्या नोव्हेंबरात, ८७ व्या वर्षी, त्यांनी अन्न, पाणी आणि औषध तिन्ही बंद केलं आणि गेले.

इतका वेळ इतिहास झाला. आता घरातली गोष्ट.

माझा पुतण्या पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहे. हा ब्लॉग तो वाचतो, किंबहुना हा ब्लॉग त्यानंच २००७ साली मला सुरू करून दिला. सहा महिन्यांपासून तो मला दर महिन्याला असाच एक डबा पाठवतो आहे. स्वतःही घेतो. डब्याची किंमत त्यानं सांगितली नव्हती, सूनबाईंनी सांगितली. माझ्या पहिल्या पाच-सहा महिन्यांच्या पगाराएवढी. मी मुकाट्यानं घेत होतो, कारण तो प्रेमानं पाठवतो आणि नाही म्हटलं की त्याला वाईट वाटतं. पण गेल्या महिन्यात तो फोनवर सहज बोलून गेला, “काका, यंदा मला बावन्नावं लागतंय.”

घरच्यांना त्याचा अर्थ कळेल. त्याचे वडील, माझे थोरले बंधू, बावन्नाव्या वर्षी हृदयविकारानं गेले. तेव्हा हा कॉलेजात होता. इतकी वर्षं या आकड्याविषयी आमच्यात कोणी बोललं नाही. मला तो डबा एकदम वेगळाच दिसायला लागला. मग मी वाचायला बसलो, ऑपरेशन केलेल्या डोळ्यानं, सूनबाईंच्या मदतीनं. वर जे लिहिलं ते मला आधीच माहीत होतं. खाली लिहितो ते नव्यानं कळलेलं आहे.

या गोळ्यांच्या मोठ्या परीक्षा झाल्या आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच पुरुषांवरच झाल्या आहेत. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या १४,६४१ पुरुष डॉक्टरांना अकरा वर्षांवर काळ, काहींना रोज मल्टिव्हिटामिन आणि काहींना तशीच दिसणारी नुसती गोळी दिली. २०१२ साली निकाल आला. कॅन्सरचं प्रमाण ८ टक्क्यांनी कमी दिसलं, हे खरं आणि ते सांगायलाच हवं. पण हृदयविकारात काहीही फरक पडला नाही. २०२४ साली तिथल्याच सरकारी संशोधकांनी जवळजवळ ३ लाख ९० हजार निरोगी माणसांची वीसेक वर्षांची नोंद तपासली. रोज मल्टिव्हिटामिन घेणारे जास्त जगले असं दिसलं नाही.

काही परीक्षा उलट्या गेल्या. फिनलंडमध्ये २९ हजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांपैकी काहींना बीटा-कॅरोटिन दिलं, गाजरातलं म्हणून सगळ्यांना चांगलं वाटणारं. १९९४ चा निकाल असा की त्यांच्यात फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी वाढला. दुसऱ्या एका परीक्षेत ३५ हजार पुरुषांत ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेनं प्रोस्टेटचा कॅन्सर वाढला, १७ टक्क्यांनी. ते २०११ साली कळलं. अश्वगंधेनं काहींच्या यकृताला त्रास झाल्याच्याही नोंदी आहेत. थोडक्यात, ‘फायदा नाही झाला तरी तोटा काय’ हे आपलं लाडकं वाक्य इथे चालत नाही.

मी सगळ्याच गोळ्यांच्या विरुद्ध नाही. मी स्वतः बी-१२ घेतो. आम्ही शाकाहारी, त्यात मला मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू आहे, तिनं बी-१२ कमी होतं. पायांना मुंग्या यायच्या, डॉक्टरांनी रक्त तपासलं, कमी निघालं, गोळी दिली. स्वस्त गोळी आहे. जे कमी आहे ते मोजून भरून काढणं वेगळं आणि साठ गोष्टी एकदम पोटात टाकून त्यातली एखादी तरी लागू पडेल असं म्हणणं वेगळं. वर्गात एखाद्याला भागाकार येत नसेल तर त्याला भागाकारच शिकवावा लागतो, सगळी पुस्तकं त्याच्या डोक्यावर ठेवून चालत नाही.

आता बाबा रे, हे तुझ्यासाठी. तू रात्री दोनपर्यंत अमेरिकेच्या कॉलवर असतोस आणि सकाळी सातला तो चमचा ढवळतोस. तुझ्या वडिलांना रक्तदाब होता. तो त्यांनी कधी मोजला नाही. त्या काळी आमच्या घरात कोणी मोजत नसे. त्यांच्या कपाटात शक्तीच्या औषधाच्या दोन बाटल्या निघाल्या होत्या, एक अर्धी संपलेली. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. तुझ्या आईला माहीत आहे. ते काय घेत होते याला महत्त्व नाही, त्यांना भीती वाटत होती आणि ती त्यांनी आम्हाला बोलून दाखवली नाही.

डब्याच्या मागे बारीक अक्षरात ‘औषधी उपयोगासाठी नाही’ असं छापलेलं आहे. नियमानंच छापावं लागतं. भिंग लावून बघ.

माझ्याकडचा डबा येत्या आठवड्यात संपेल. पुढचा पाठवू नकोस. त्या पैशात रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि डॉक्टर सांगतील ती हृदयाची तपासणी करून घे, वडिलांचं वय त्यांना न विसरता सांग, आणि रिपोर्ट मला व्हॉट्सॲपवर पाठव. फोटो जरा मोठा काढ, अक्षरं दिसत नाहीत.